गोळ्या फुकट मिळाल्या, घरखर्चाचं काय?

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंगला असलेल्या माणसाला खोकला असतो, ही कुणाला सांगायची गोष्टच नसते. साचा फोडून कास्टिंग बाहेर आलं की त्याला चिकटलेली वाळू झाडायची, रायझर म्हणजे जादा धातूचे खुंट तोडायचे, कडा ग्राइंडरवर मारायच्या. बघणाऱ्याला ठिणग्या दिसतात. खरा त्रास देते ती ठिणग्यांच्या आजूबाजूला तरंगणारी, जळक्या वाळूची पिठासारखी बारीक धूळ. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. तोंडाला बांधलेला रुमाल घरी भिजत टाकला की बादलीच्या तळाला गाळ बसतो. खात्यातले सगळेच खोकतात. त्यामुळे 2024 ची दिवाळी झाली तरी माझा खोकला थांबेना, याचं मला किंवा कुणालाच विशेष वाटलं नाही.

विशेष वाटलं ते पँट कमरेवर टिकेना तेव्हा. दुपारनंतर अंगात कसकस, रात्री बनियन घामानं ओलं. बायको म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांना दाखवून या की एकदा. किती दिवस सिरप पिणार?" सिरप कॅम्पातल्या एका खाजगी डॉक्टरांचं होतं. प्रत्येक वेळी नवी बाटली, नव्या गोळ्या, आणि फी वेगळी. त्यातल्या लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांनी आठवडाभर चांगलं वाटलं आणि पुन्हा होतं तिथंच. ही गोळी टीबीच्या जंतूंनाही थोडंफार दाबते, म्हणून काही दिवस उतार पडतो आणि खरं निदान लांबतं, हे मला फार नंतर कळलं. डॉक्टरांना मात्र ते ठाऊक असायला हवं होतं. छातीचा फोटो काढा, बेडका तपासा, असं त्या दवाखान्यात एकदाही कुणी म्हटलं नाही.

ते म्हटलं आमच्या गल्लीतल्या आशाताईंनी. वही घेऊन घरोघर फिरत होत्या. कुणाला दोन आठवड्यांवर खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, पूर्वी घरात टीबी होता का, एवढंच विचारायच्या. मी पायरीवरच बसलो होतो. माझ्याकडे बघून वहीत काही लिहायच्या आधीच त्यांनी पिशवीतनं झाकणाची डबी काढली.

"दादा, उद्या उठल्या उठल्या चूळ भरायची, तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतनं काढायचं. थुंकी नको, बेडका पाहिजे. आणि घरात नको, परसात उघड्यावर जाऊन काढा."

बेडका कसा काढायचा हे शिकावं लागतं, यावर माझा आधी विश्वास बसला नसता. पहिल्यांदा डबीत नुसती फेसाळ लाळ पडली. मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे छाती भरून श्वास घेतला, थोडा रोखला, पुढं वाकून पोटातनं खोकलो तेव्हा कुठं घट्ट, पिवळसर काहीतरी आलं. लाळ दिली तर मशीनला जंतू सापडत नाहीत आणि आजारी माणूस निगेटिव्ह म्हणून घरी जातो. डबीच्या झाकणाइतकंच हे समजावून सांगणाऱ्या बाईचं महत्त्व आहे, असं मला वाटतं. सकाळची डबी घेऊन आरोग्य केंद्रात गेलो, तिथं त्याच वेळी दुसरा नमुना घेतला.

तपासणी ट्रूनॅट मशीनवर झाली. हे मशीन आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं आहे. बॅटरीवर चालतं आणि जंतूचं जनुक ओळखून तासाभरात निकाल देतं. जंतू सापडले तर ते रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतात की नाही, हेही त्याच नमुन्यावरून पुढं तपासतात. हे महत्त्वाचं. दाद देत नसतील तर औषधांचा सगळा कोर्सच वेगळा असतो. माझे जंतू दाद देणारे निघाले.

डॉक्टर तरुण होत्या, धारवाडकडच्या. अर्धं मराठी, अर्धं कन्नड असं बोलायच्या. एक्स-रे प्रकाशासमोर धरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "काम काय करता?" फाउंड्री म्हटल्यावर मान हलवली. फुप्फुसात गेलेली सिलिकाची धूळ बाहेर पडत नाही. जंतूंना गिळून मारणाऱ्या पेशी ती धूळ गिळतात आणि स्वतःच मरतात. म्हणून वाळूत, दगडात काम करणाऱ्यांना टीबी इतरांपेक्षा जास्त होतो. इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, आणि हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते आजारी पडल्यावर, सरकारी दवाखान्यात.

एचआयव्ही आणि साखर, या दोन्ही तपासण्या टीबीच्या प्रत्येक रुग्णाच्या करतात, माझ्याही केल्या. मग वजन. 51 किलो भरलं. काम करताना मी 58 चा होतो. वजनावर गोळ्यांची संख्या ठरते. 50 ते 64 किलोच्या माणसाला रोज चार. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पूर्वी एक दिवसाआड द्यायचे, 2017 पासून रोज देतात. टीबी रुग्णांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या निक्षय पोर्टलवर नाव चढलं, नंबर मिळाला. कामासाठी गोव्याला किंवा पुण्याला जावं लागलं तरी त्या नंबरावर तिथल्या सरकारी दवाखान्यात औषध चालू राहतं. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं बाहेरगावी असतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मिळालेलं कार्ड कन्नडमध्ये होतं. मी कन्नड बोलतो, पण वाचताना अडखळतो. माझ्या आईला तर अक्षरओळखही नाही. शेवटी चौथीतल्या पोरानं, शाळेत कन्नड शिकतो म्हणून, बापाचं औषधाचं कार्ड वाचून दाखवलं. उपाशीपोटी कधी, काय झालं तर लगेच यायचं, सगळं. सीमाप्रश्नाचा वाद इथं काढायचा नाही मला. खरं गोळ्यांच्या सूचना माणसाला वाचता येतील अशा भाषेतही छापून दिल्या तर कुणाचं काय जाणार आहे? नऊ वर्षांच्या पोरावर हा भार का?

घरी पोचायच्या आत आईनं माझं ताट, तांब्या वेगळा काढून ठेवला होता. तिच्यावर राग नाही माझा. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात ठेवलं होतं, आणि घरची माणसं महिनोन्महिने त्यांचं तोंड बघू शकली नव्हती. त्या काळी टीबी म्हणजे घर सोडणं. घरी राहून औषध घेतलं तरी माणूस तितकाच बरा होतो आणि घरातल्यांना जास्तीचा धोकाही होत नाही, हे मद्रासला 1956 साली सुरू झालेल्या टीबी संशोधन केंद्रातल्या अभ्यासानं दाखवून दिलं. जगानं उपचाराची पद्धत बदलली ती आपल्या देशातल्या, झोपडीत राहणाऱ्या रुग्णांच्या जोरावर. मी माझ्या घरात, माझ्या माणसांत राहून बरा झालो त्यामागं ते रुग्ण आहेत.

आशाताई दुसऱ्या दिवशी आल्या त्या ताटाकडे बघायलाही थांबल्या नाहीत, सरळ मागच्या खोलीत गेल्या. तिथं एकच खिडकी, आणि तिच्यासमोर भाताची पोती रचलेली. "हे आज हलवायचं," म्हणाल्या. टीबी ताटातनं पसरत नाही, हवेतनं पसरतो. खोकताना उडालेले कण कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहतात, वारा खेळता असला की पांगतात. भावकीतल्या दोघांनी येऊन पोती सोप्यात आणली. मी त्या खोलीत खिडकी उघडी ठेवून एकटा झोपायचं, तोंडाला मास्क लावायचा, आणि बेडका झाकणाच्या डब्यात. औषध नीट लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूपच कमी होतो. तेवढे दिवस धाकटी दारात उभी राहून हाका मारायची आणि मी तिला आत येऊ द्यायचो नाही. सगळ्या उपचारात मला जड गेलं ते हेच.

गोळ्यांचा त्रास झाला. लघवी केशरी झाली तेव्हा बायको घाबरली. तो रिफाम्पिसिनचा रंग असतो, त्यात काही वाईट नाही. पहिले काही दिवस सकाळी चार गोळ्या पोटात गेल्या की मळमळून यायचं. दुसऱ्या महिन्यात सांधे धरले, तळपाय जळजळायला लागले. त्यावर बी-6 जीवनसत्त्वाची गोळी वाढवून दिली. डोळ्याला अंधुक दिसलं, रंग ओळखण्यात गडबड झाली किंवा डोळे पिवळे झाले तर वाट न बघता यायचं, असं बजावलं होतं. माझ्यावर तशी वेळ आली नाही.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. आई, बायको, दोन्ही पोरं. कुणाला आजार नव्हता. तरी धाकटीला रोज आयसोनियाझिड सहा महिने द्यायचं ठरलं आणि आई खवळली. "पोरीला खोकला नाही, ताप नाही, औषध कशाला?" प्रश्न रास्तच होता. माझ्याकडून पोरीच्या अंगात जंतू गेले असतील तर ते आज झोपलेले असतील, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत ते जागे झाले तर थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. जन्मल्यावर दिलेली बीसीजीची लस लहान मुलांना अशा गंभीर टीबीपासून बरंच वाचवते, पण पूर्ण भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही. हे आशाताईंनी आईजवळ चुलीपुढं बसून, गोळी चुरून पाण्यात कालवून दाखवत सांगितलं. तेव्हापासून धाकटीची गोळी आईच द्यायला लागली.

पंचायतीतल्या एका माणसाचं बोलणं मात्र मला लागलं. "टीबीमुक्त पंचायत" म्हणून गावांना प्रमाणपत्र मिळतं, गांधीजींचा छोटा पुतळा मिळतो. चांगली योजना आहे. तिच्या निकषांत दर हजार लोकसंख्येमागं निदान 30 संशयितांची तपासणी झालेली हवी, आणि वर्षाला हजारी एकापेक्षा जास्त रुग्ण नकोत. तो गृहस्थ मला म्हणाला, "तुझं नाव बेळगावातल्या पत्त्यावर घालता आलं असतं तर बरं झालं असतं." पहिला निकष शोधायला सांगतो, दुसरा सापडू नये असं वाटायला लावतो. जिथं घरोघर फिरून रुग्ण हुडकले तिथं आकडा वाढणारच, आणि त्या वाढीचं कौतुक व्हायला पाहिजे. माझं नाव माझ्याच गावात राहिलं, कारण आशाताईंनी ऐकून घेतलं नाही.

आता पैशाचं. हे मला सविस्तर लिहायचंय, कारण टीबीवर जे बोललं जातं त्यात गोळ्यांचं बोलणं असतं, पगाराचं नसतं.

मी ठेकेदाराकडं. आठवड्याचा पगार. काम नाही तर दाम नाही. घरी बसायची चिठ्ठी दाखवल्यावर ठेकेदार म्हणाला, "बरा होऊन ये, तोवर दुसरा माणूस लावतो." औषध फुकट, तपासणी फुकट. किराणा कोण देणार? निक्षय पोषण योजनेचे पैसे महिन्याला आधी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. उपचार सुरू होताना तीन हजार एकदम आणि 84 दिवसांचा उपचार झाल्यावर पुन्हा तीन हजार, असे ते खात्यात येतात. माझे पहिले तीन हजार येईचनात. चौकशी केली तर आधार जोडलेलं होतं कुठल्या जुन्या खात्याला, गॅसच्या सबसिडीसाठी काढलेल्या. पैसे तिथं जाऊन पडले होते आणि ते पासबुक माळ्यावर. उपचार सुरू करतानाच आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारून घ्यावं.

त्या पैशांची अंडी, शेंगदाणे, मसूर आणली. शहरातल्या एका व्यापाऱ्यानं निक्षय मित्र म्हणून, म्हणजे रुग्णाला शिधा पुरवणारा मदतनीस म्हणून, महिन्याला धान्याची पिशवी दिली, डाळ आणि तेल तिच्यातनं निघालं. मला हे सगळं वरवरचं दान वाटत होतं. मग डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. आपल्याच राज्यातल्या मंगळूरच्या येनेपोया मेडिकल कॉलेजातल्या अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्यानं सहकाऱ्यांबरोबर झारखंडमध्ये तो केला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरच्या माणसांना जादा शिधा दिला, तर त्या घरांत नवे रुग्ण 39 टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाच्या, पसरणाऱ्या टीबीत 48 टक्क्यांनी. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे मसुरीची उसळ ही उपचाराचाच भाग आहे. खरं मसूर एकट्याच्या ताटात पडून चालत नाही. आई, बायको अर्धपोटी राहिल्या तर पुढचे रुग्ण त्याच. हजार रुपयांत पाच माणसांचं घर चालत नाही, हे कागद रंगवणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडून बघावं.

वाट दाखवली ती शहापूरच्या एका जुन्या मोल्डरनं, साचे बनवणाऱ्यानं. "अरे, ईएसआय कापतात ना तुझं? मग पगार मिळतो की आजारपणाचा." ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. त्यासाठी पगारातनं पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, हे मला स्लिपवर दिसत होतं. त्याबद्दल फक्त दवाखाना मिळतो असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तसं नाही. साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. आणि लांब चालणाऱ्या 34 आजारांची एक यादी आहे, तिच्यात टीबी आहे. त्यासाठी एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिट, म्हणजे विस्तारित लाभ, म्हणून 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. अट अशी की दोन वर्षं सलग विम्यातली नोकरी हवी आणि वर्गणीच्या मागच्या चार सहामाही कालावधींत मिळून निदान 156 दिवसांची वर्गणी भरलेली हवी.

कागदपत्रांसाठी हेलपाटे झाले. ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट ठरावीक दिवसांनी नवं करावं लागतं, एक जरी चुकलं तरी तेवढे दिवस गेले. सरकारी आरोग्य केंद्रातलं कार्ड आणि ट्रूनॅटचा रिपोर्ट दाखवला तेव्हा ते मिळालं. 70 टक्क्यांचे पैसे उशिरा का होईना आले, दुकानदाराची उधारी फिटली. विस्तारित लाभाचा अर्ज अडकला. माझ्या नावावर मधल्या एका कालावधीत ठेकेदारानं वर्गणीच भरली नव्हती. पगारातनं कापलेली होती, भरलेली नव्हती. त्याची तक्रार दिली आहे, निकाल अजून यायचाय.

त्यामुळे उपचार पुरा व्हायच्या आत कामावर जावं लागलं. दोन महिन्यांनंतरचा बेडका निगेटिव्ह आला होता, वजन 55 झालं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी नेली, धुळीपासून लांबचं काम द्यावं अशी. सुपरवायझरनं डिस्पॅचला घातलं, कास्टिंगची मापं घ्यायची आणि वजनं टिपायची. रोजचा पगार फेटलिंगपेक्षा कमी आहे. मी घेतला.

गोळ्या संपल्या तेव्हा शेवटचा बेडका तपासून बरा झाल्याची नोंद झाली. पुढं दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचंय, कारण धूळ बसलेल्या फुप्फुसात आजार उलटू शकतो.

मधे टीबी सुपरवायझर आणि आशाताईंना मी कारखान्यात घेऊन गेलो. मालकांशी बोलून शिफ्ट बदलायच्या वेळी फेटलिंग आणि कोअर शॉपमधल्या सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारले, ज्यांना खोकला होता त्यांच्याकडं डब्या दिल्या. बेडका कसा काढायचा ते यावेळी मी दाखवलं. धूळ ओढणाऱ्या पंख्याची मागणीही लेखी दिली आहे. रुमालानं ती धूळ अडत नाही, हे मालकांनाही आता माहीत आहे.

त्या तपासणीत एक जण पॉझिटिव्ह निघाला, माझ्याच शेजारच्या ग्राइंडरवरचा, बिहारकडचा. खोलीत सहा जण राहतात, त्या सगळ्यांचे एक्स-रे झाले. त्याची ईएसआयची वर्गणी आम्ही डबा खाता खाता त्याच्या मोबाइलवर उघडून बघितली. दोन वर्षं सलग भरलेली आहे. आधार कुठल्या खात्याला आहे तेही विचारून घेतलं. विस्तारित लाभाचा त्याचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला, सर्टिफिकेटच्या तारखा मी माझ्या डायरीत लिहून ठेवल्यात.